हिराच्या गाडीचा लाल टॅग

बाळांनो, गोष्ट ऐकायच्या आधी एक करा. जिथं बसला आहात तिथंच बसा आणि असं समजा, की आता तुम्हाला उठता येत नाही. पाय आहेत, पण ते तुमचं ऐकत नाहीत. हातही आपल्याच मनाचे आहेत. तुम्हाला कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे. पाठीमागं मुलं लगोरी खेळताहेत. लगोरी फुटल्याचा आवाज येतो, पण कुणी फोडली ते दिसत नाही. मान वळवायला जावं तर ती अर्ध्यातच अडकते. ओरडावं तर शब्द तोंडातच चिकटून बसतो. मग आतून कुणीतरी धावत येतं, "भूक लागली वाटते गं बाईले" म्हणतं आणि तुमच्या तोंडात वरणभात कोंबतं. तुम्हाला भूक लागलेली नसते. तुम्हाला लगोरी बघायची असते.

समजून झालं? किती वेळ टिकलात? आमच्या शेजारची हिरा अशी पाच वर्षं बसली होती.

हे भिलाईतलं, भिलाई मध्यप्रदेशात होती तेव्हाचं. मरोद्याला क्वार्टरांच्या एका लाइनीत आम्ही मुलाकडे राहत होतो, मी आणि माझी पत्नी रत्नमाला. मी शाळेतून निवृत्त झालो होतो. निवृत्त शिक्षकाला घरात काम नसतं आणि बाहेर मान नसतो, म्हणून मी लाइनीतल्या मुलांना संध्याकाळी ओट्यावर बसवून फुकट शिकवत असे. हिराची आजी तुळसाबाई तिला कडेवर आणून एका कोपऱ्यात टेकवून ठेवी. हिराला विचारलं, सात आणि पाच किती, की बाकीची पोरं बोटं मोजून दमत तोवर तिच्या तोंडातून एक लांबलचक आवाज निघू लागे. तो "बाआआ" असा निघे. पण निघे तो बाराच. नऊ न् चार विचारलं तर निघणारा आवाज वेगळा असे, आणि तो तेराच असे. ज्याला ऐकायला वेळ होता त्याला ते कळे. लाइनीत वेळ असलेला माणूस मी एकटाच होतो.

एके दिवशी हिराचा बाप देवराव माझ्या ओट्यावर येऊन बसला. पोलादाच्या प्लांटमध्ये कारकून, बोलायला कमी.

"गुरुजी, नागपूरले जागा भेटली," तो म्हणाला. "अशा लेकरायची संस्था हाय. तिथंच ठेवतेत. जूनमंदी नाही नेलं तं जागा दुसऱ्याले देतीन."

"भेटायला?"

"वर्षातून दोनदा भेटू देतेत म्हने."

मागून तुळसाबाई म्हणाली, "माही कंबर गेली, गुरुजी. पोट्टी वाढून राहिली, मी वाकून राहिली. उद्या मी मेली तं हिले कोन उचलन? हिची माय तं चवथ्या महिन्यात हाय." मग ती पदरात तोंड घालून आत गेली. बाहेर लगोरी फुटली. हिरा भिंतीकडे बघत होती.

मी म्हटलं, आपल्या बालवाडीचं काय? देवराव म्हणाला, तिथं घेतलं तं नागपूरले नाही नेत. वळणापलीकडे महिला मंडळाची बालवाडी होती, आणि ती चालवणाऱ्या सुशीलाबाई माझ्या परिचयाच्या होत्या. मी कोट घालून गेलो. निवृत्त माणसानं कोट घातला, की समोरचा खुर्ची देतो. सुशीलाबाईंनी खुर्ची दिली, पण तेवढंच दिलं.

"गुरुजी, माझ्याकडे चाळीस मुलं आणि एक आया. मागच्या वर्षी ती एका मुलाला उचलून नेताना पायरीवरून पडली. पोराचा हात मोडला आणि तिचं मनगट. मंडळानं ठरवलंय, कुठल्याही मुलाला उचलायचं नाही. जे मूल फाटकापासून आपल्या जागेपर्यंत आपलं आपण येईल, ते माझं. कसंही येऊ दे. मी विचारणार नाही."

"कसंही?"

"कसंही. सोळा जूनला शाळा सुरू होते. सोमवार आहे. त्या दिवशी बघू."

मुलांनो, मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ अटी घातल्या, पण इतकी साधी अट कुणी घातली नव्हती. मला वाटलं, जिंकलो.

आधी मी आणि देवराव दुर्गला गेलो. सरकारी तीनचाकी मिळते असं कुणीतरी सांगितलं होतं. एका ऑफिसातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात, असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी एका बाबूनं पानाचा तोबरा सावरत समजावलं, "गुरुजी, साइकिल तो बड़ों की आती है. हाथ से चलानी पड़ती है. बच्ची को बड़ी होने दीजिए."

"तिचे हातही चालत नाहीत," मी म्हटलं.

"फिर साइकिल का क्या करेंगे?" तो म्हणाला, आणि त्याचं खोटं नव्हतं.

परत येताना दुर्गच्या बाजारात एका खेळण्याच्या दुकानाच्या काचेत लहान पोरानं बसून चालवायची बॅटरीची मोटार होती. दुकानदारानं पायाची कळ दाबून दाखवली. मी आत शिरून उलटी-सुलटी करून पाहिली. देवरावनं किंमत विचारली आणि मग तो रस्त्यापलीकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, "ही काही कामाची नाही. हिला पाय पाहिजेत. आपण बनवू." आजवर ज्याच्या हातून खुर्चीचा पाय सरळ बसला नाही, असा माणूस हे बोलला. रत्नमालेनं ते ऐकल्यावर ताट वाढता वाढता विचारलं, "कोण बनवणार?" मी वरणात भात कालवू लागलो. ती म्हणाली, "मग ठीक आहे."

तरी खरी युक्ती तिचीच. उन्हाळ्याचे पापड चालले होते. हिराला खाटेवरून उतरवून, उशीला टेकवून पिठाजवळ बसवलं होतं. रत्नमाला लाट्या मांडून ठेवी आणि हिरा आपलं वाकडं कोपर आपटून त्या एकामागून एक चपट्या करी. डाव्या कोपरानं जवळच्या, उजव्या तळव्यानं लांबच्या. एकही सुटत नव्हती. "तुमच्या गाडीला बटण नको," रत्नमाला म्हणाली, "लाटी पाहिजे."

तेव्हा तुपाच्या डब्याची दोन झाकणं घेतली. एक झाकण दाबलं, की एक चाक फिरणार. दुसरं दाबलं, की दुसरं. दोन्ही दाबली, की गाडी सरळ. भंगारातल्या जीपच्या वायपरच्या दोन मोटारी, तिचीच बॅटरी, जुन्या तिचाकीची चाकं, खाली पाटाएवढी फळी आणि वर पाय कापलेली लहान खुर्ची. सांगायला चार ओळी लागतात. करायला अख्खा मे लागला आणि माझ्या अंगठ्याचं नख गेलं.

मी विज्ञानही शिकवलेलं असल्यानं जोडणी मी केली. डावं झाकण डाव्या चाकाला, उजवं उजव्याला. यात विचारण्यासारखं काय आहे? पहिल्या दिवशी हिरानं डावं झाकण दाबलं, डावं चाक फिरलं आणि गाडी उजवीकडे वळून सरळ माझ्या नडगीवर आली. मी मागं सरलो, मागं सांडपाण्याची नाली होती. नालीतून मला जे दिसलं ते मी सांगून ठेवतो: हिराचं तोंड उघडं होतं आणि ती श्वास घ्यायला विसरली होती. तिच्या कोपरामुळे एक मोठा माणूस नालीत पडला होता.

लोकांनी मला बाहेर काढलं आणि तारा उलट करायला घेतल्या. तोवर हिरानं झाकणं पुन्हा दाबली होती. तिला जिकडे जायचं असे तिच्या उलट झाकण ती दाबू लागली, आणि गाडी नीट जाऊ लागली. तारा बदलल्या असत्या तर तिला पुन्हा शिकावं लागलं असतं. मी म्हटलं, राहू द्या. त्यामुळं ती गाडी लाइनीत दुसऱ्या कुणालाच कधी चालवता आली नाही.

पण लाइन ही प्लांटच्या माणसांची होती. प्लांटच्या माणसाला चालती वस्तू दिसली, की ती थांबवायची कशी हा विचार आधी येतो. त्यांच्या जागी तुम्ही असता, तर तुम्हालाही आला असता.

आधी आला मारोतराव. तो क्रेन चालवायचा. "घंटी कुठं हाय? घंटी वाजल्याबिगर क्रेन हालत नाही, अन् ही पोट्टी बिनघंटीची चालली?" त्यानं घंटा बसवली. झाकण दाबलं, की आधी घंटा, मग गाडी. आवाज असा, की पलीकडच्या उतई गावापर्यंतचे कुत्रे उठावेत. वर त्यानं क्रेनच्या केबिनीसारखा खुर्चीला पट्टाही लावला.

मग आला चंपत. तो कन्व्हेअरवर होता. म्हणजे कोळसा वाहून नेणारा लांबच लांब पट्टा असतो, त्यावर. "आमच्या बेल्टच्या बाजूनं दोरी असते, गुरुजी. कोनीबी, कुठूनबी ओढली, का बेल्ट बंद. मानूस वाचला पायजे." त्यानं गाडीच्या मागं दोरी लावली आणि ती स्वतःच्या हातात धरली. हिरा हातभर गेली, की चंपत दोरी ओढी. "खड्डा हाय!" पुन्हा हातभर. "बकरी येऊन राहिली!" बकरी पलीकडच्या लाइनीत असे. समोरच्या क्वार्टरातले एक गृहस्थ रोज संध्याकाळी उभे राहून म्हणत, "बैल लावला असता तं स्वस्त पडलं असतं."

आणि शेवटी आले शेषराव.

शेषराव सेफ्टीत होते. उंच, हडकुळे, शर्टाच्या खिशात नेहमी लाल पत्र्याचे टॅग. गॅसची शेगडी बंद केल्यावर ते तीनदा बघत. लाइनीतली मुलं त्यांची नक्कल करत आणि लाइनीतले बाप त्यांना टाळत, पण रात्रपाळीच्या माणसाला त्यांचा आधार वाटे. एका गुरुवारी संध्याकाळी ते आले, गाडीभोवती फिरले, बसले, एक चाक धरून हलवलं.

"नट ढिला हाय, गुरुजी."

"घट्ट करतो."

"करा. पन मी पाहिल्याबिगर चालवाची नाही." त्यांनी खिशातून लाल टॅग काढला. त्यावर कवटीचं चित्र आणि 'काम चालू है' असं. त्यांनी तो तारेनं बॅटरीच्या स्विचला असा बांधला, की स्विच वर जाऊच शकत नव्हता. खाली सही केली. "उद्या ड्यूटीवरून येतो, पाहतो, अन् काढतो." हिरा खुर्चीत होती. तिनं घशातून आवाज काढला. "रागवू नको, बाई," शेषराव तिला म्हणाले. "उद्या."

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टवरून परत येताना ते वळणावरच्या कडुलिंबाखाली थांबले. सायकल स्टँडवर लावली. तिला कुलूप घातलं. मग झाडाला टेकून खाली बसले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. लाइनीत मात्र सगळे एकमेकांना सांगत होते, की सायकलला कुलूप घातलं होतं.

संध्याकाळी आम्ही त्यांना पोहोचवून आलो. अंघोळी झाल्या. चूल कुणाच्याच घरी पेटली नाही. आमच्या क्वार्टरामागच्या शेडमध्ये गाडी होती, नट मारोतरावनं सकाळीच पक्का केला होता, आणि स्विचवर लाल टॅग लटकत होता.

आता तुम्ही म्हणाल, काढून टाकायचा. तुम्ही प्लांटच्या लाइनीत वाढलेले नाही म्हणून असं म्हणता. टॅगचा नियम एकच: ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेब असो, मुख्यमंत्री असो, दुसऱ्याच्या टॅगला हात नाही.

शनिवारी आम्ही शेडमध्ये जमलो. परवा सोमवार होता.

"साहेबाची सही आनली तं काढता येते," चंपत म्हणाला. "लावनारा सुट्टीवर असला तं तसंच करतेत."

"कोनत्या साहेबाची?" मारोतराव म्हणाला. "गाडी कोनत्या डिपार्टमेंटची हाय?"

"हिराची."

"मंग हिराचा साहेब कोन?"

यावर बराच विचार झाला. देवराव बाप होता, पण तो हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचा. टाइम ऑफिसला चाकांवर अधिकार नाही. आणि शेषराव सुट्टीवरही नव्हते. मेलेल्या माणसाच्या टॅगबद्दल कुणालाच नियम माहीत नव्हता. ज्याला माहीत असता, त्यालाच आम्ही काल पोहोचवलं होतं.

रत्नमाला दारात उभी होती. "तुम्ही तर प्लांटचे नाही ना?" ती मला म्हणाली. "शाळामास्तर आहात. काढा की."

बरोबर होतं. मी पुढं झालो, तारेला हात घातला.

"गुरुजी, हात मागं घ्या."

मारोतराव ओरडला नव्हता. हळू बोलला होता. "इकडे याच्या आधी मी एका कापसाच्या जिनिंगमंदी होतो," तो म्हणाला. "तिकडे, यवतमाळकडे. एकजन मशीनच्या आत गेला होता, बाहेर फळी लटकवून. दुसऱ्यानं पाहिलं, याले लय वेळ झाला, विसरला असन, म्हनून फळी काढली अन् मशीन चालू केली. विसरला नव्हता तो. आतच होता." त्यानं तोंड पुसलं. "मले ठाऊक हाय, गुरुजी, हे पोट्टीचं खेळनं हाय. आत कोनी नाही. पन माह्या डोळ्यासमोर तुमी काढू नका."

मी हात मागं घेतला. हिरा शेडमधल्या खाटेवरून बघत होती. त्या दिवशी तिला कुणी भिंतीकडे वळवलं नव्हतं, एवढंच.

शेवटी ठरलं, की सिंधुताईंना विचारायचं. सिंधुताई म्हणजे शेषरावांची बायको. प्लांटमध्ये माणूस गेला, की त्याचं सगळं बायकोच्या नावावर होतं. तसं टॅगही होत असेल, असं चंपतचं म्हणणं. रविवारी सकाळी अस्थी वेचून पुरुष परत आले, त्यानंतर आम्ही तिघं गेलो. आयुष्यात इतक्या लाजिरवाण्या कामाला मी कधी गेलो नाही. सतरंजीवर बायका बसल्या होत्या. सिंधुताई भिंतीला टेकून. आम्ही बसलो. मारोतराव म्हणाला, नळाले पानी कमी येऊन राहिलं. चंपत म्हणाला, हो जी, फार कमी. मग दोघंही माझ्याकडे बघू लागले.

मी सांगितलं. हिरा, बालवाडी, नागपूर, नट, टॅग. सांगताना माझा आवाज वर्गात निघतो तसा निघत होता आणि मला तो खाली आणता येत नव्हता.

सिंधुताई भिंतीपासून सरळ झाल्या. मग म्हणाल्या, "ज्यानं लावला त्यानंच काढाचा असते ना?"

"हो," मारोतराव म्हणाला.

"मंग ते तं येत नाहीत आता."

कुणीतरी बाई रडू लागली. सिंधुताई उठल्या. "सिंधू, कुठं चालली? दहा दिवस उंबरा नाही ओलांडाचा," बायका म्हणू लागल्या. त्या चालत राहिल्या. अनवाणी, डोक्यावर पदर घेऊन, भर उन्हात आमच्या शेडपर्यंत आल्या. टॅगला हात नाही लावला. आधी खाली बसल्या, चाक धरलं आणि हलवलं. मग दुसरं चाक. मग पुन्हा पहिलं.

"नट कोनी कसला?"

"मी," मारोतराव म्हणाला.

"पाहिला नीट?"

"पाहिला, वैनी."

त्यांनी तार उलगडली. ती घट्ट होती. शेषरावांच्या हातची होती. बोटाला लागलं तरी थांबल्या नाहीत. टॅग पदराच्या गाठीत बांधला आणि कुणाकडे न बघता परत गेल्या. मारोतराव तोंड फिरवून उभा होता. आम्ही कुणीही त्या दिवशी स्विच वर केला नाही.

सोमवारी सकाळी लाइन निघाली. पुढं घंटा वाजवत हिरा, तिच्या मागं दोरी धरलेला चंपत, मग मी कोटात, मग देवराव, तिची आई, तुळसाबाई, आणि त्यामागं लाइनीतली पोरं आणि कुत्रे. देवरावच्या खिशात नागपूरचं तिकीट होतं. संध्याकाळच्या गाडीचं. त्यानं ते लपवलं नव्हतं. तुळसाबाईनं रात्री हिराचे फ्रॉक ट्रंकेत भरून ठेवले होते.

फाटकाशी सुशीलाबाई उभ्या होत्या. हिरा आत शिरली, हातभर गेली आणि गाडी थांबली.

"गोटा हाय," चंपत म्हणाला.

पुन्हा निघाली, पुन्हा थांबली.

"भाऊ," सुशीलाबाई म्हणाल्या, "ती येतेय, की तुम्ही आणताय?"

चंपतला दोरी सोडायला सांगितलं. तो "हो, सोडतो" म्हणाला, पण त्याची मूठ उघडेना. मी एकेक बोट उचलून ती उघडली. आम्हा सगळ्यांना फाटकाबाहेर उभं केलं. बारा वर्षं बेल्टवर काढलेला माणूस फाटकाचे गज धरून "गोटा हाय, गोटा हाय" पुटपुटत होता.

हिरा निघाली, सुशीलाबाई तिच्या बाजूनं चालू लागल्या. घंटा वाजत होती, त्यामुळं आतली चाळीसच्या चाळीस मुलं दाराशी गोळा झाली आणि आयेनं त्यांना परत जाजमावर पिटाळलं. अंगण पार झालं. मधे पाण्याच्या टाकीला वळसा होता. तिनं उलट झाकण दाबलं आणि नेमका वळसा घेतला. पायऱ्यांच्या बाजूनं महिला मंडळानं सायकलींसाठी उतार केला होता, तो ती चढली. व्हरांडा आला. वर्गाचं दार आलं. आणि गाडी थांबली.

दाराला उंबरठा होता.

मुलांनो, मी आयुष्यभर क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवलं. मारोतराव क्रेननं भिंतींवरून टनांची ओझी अलगद नेई. आम्ही फाटक पाहिलं, उतार पाहिला, वाटेतला गोटा न् गोटा पाहिला. दाराच्या पायथ्याला चार बोटं उंचीचं लाकूड आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

हिरा दोन्ही झाकणं दाबून होती. मोटारी कण्हत होत्या. मग जळका वास आला, घंटा अर्ध्यातच मेली आणि सगळं गप्प झालं.

देवराव आत धावला. मीही धावलो. सुशीलाबाईंनी हात आडवा केला. "उचलायचं नाही."

"अहो, चार बोटांसाठी—" मी म्हटलं.

"गुरुजी, मी काय सांगितलं होतं?" त्यांचा आवाज फाटला होता, पण हात खाली आला नव्हता.

देवरावनं मान खाली घातली. मी त्या जळक्या गाडीकडे बघत राहिलो, कारण हिराकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात धप् धप् आवाज आला. हिरा कोपरानं मारोतरावच्या पट्ट्यावर मारत होती.

मी सुशीलाबाईंकडे बघितलं.

"पट्टा सोडायला मी कुठं नाही म्हटलंय?" त्या म्हणाल्या.

मी खाली बसून पट्टा सोडला. हिरा तशीच एका अंगावर कलंडली आणि फरशीवर पडली. हनुवटी आपटली, ओठातून रक्त आलं. तिची आई फाटकातून ओरडली. पाच वर्षांत तिला कुणी जमिनीवर असं सोडलं नव्हतं. जमीन गार असते, पोर लागून घेईल, म्हणून. तिनं एक कोपर पुढं टाकलं. मग दुसरं. पाय मागून ओल्या धुण्यासारखे ओढले जात होते. उंबरठ्यावर ती पोटावर अडकली. फ्रॉक एका खिळ्यात गुंतला. ती ओढत राहिली. शेवटी फ्रॉक फाटला आणि ती पलीकडे पडली.

किती वेळ गेला, मला माहीत नाही. जाजमाच्या कडेला पोहोचल्यावर तिनं गाल जाजमावर टेकला आणि श्वास घेत पडून राहिली.

तिथं एक चिमुरडी पाटी घेऊन बसली होती. हिरानं डोकं उचललं, तिच्या पाटीवर कोपर ठेवलं आणि पाटी आपल्याकडे ओढली. ती मुलगी भोकाड पसरून रडायला लागली.

सुशीलाबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि आयेला म्हणाल्या, "कपाटातून आणखी एक पाटी आण. आता एकेचाळीस लागतील."

देवरावचा हात तिकिटाच्या खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला.

आयेनं नवी पाटी आणून हिरासमोर ठेवली. हिरानं ती कोपरानं बाजूला सारली, आणि रडणाऱ्या पोरीची पाटी छातीखाली घेऊन तिच्यावर पालथी पडून राहिली.